चाराचे चाळीस

नर्सच्या नोकरीबद्दल लोक मला ठरलेले दोनच प्रश्न विचारतात. रक्त पाहून भीती नाही वाटत? आणि इतक्या वर्षांत किती माणसं जाताना पाहिली? दोन्हींची उत्तरं मी हातातला चहाचा कप खाली न ठेवता देऊ शकते. पेशंटशी कधी खोटं बोललात का, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही. दिवाळी अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं आणि मला सगळ्यात आधी हेमीन आठवली. तिच्या मागोमाग हा न विचारलेला प्रश्न.

तरी गमतीपासूनच सुरू करते. रायपूरजवळच्या अभनपूरचे एक धान्याचे व्यापारी आमच्या वॉर्डात होते. पाय सुजलेले, दम लागायचा. नर्सच्या हातची गोळी म्हणजे विषच, असा त्यांचा समज. "पहले आप खाओ, फिर हम," म्हणायचे. मग मी खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवू लागले. त्यांच्यासमोर एक तोंडात टाकायची, त्यांची त्यांना द्यायची. सेठजी खूश, मीही खूश. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी हेमीनने ते पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सेठजी से झूठ क्यों बोल रही हो?"

"अगं, गोळी तर खरी जाते ना पोटात?"

ती स्टूल ओढून सेठजींजवळ बसली आणि म्हणाली, "देखो सेठजी, ये पेशाब की गोली है. पैर का पानी उतरेगा. बार-बार उठना पड़ेगा, चिढ़ना मत." सेठजींनी तिच्याकडे पाहिलं, गोळी उचलली आणि गिळली. माणसाला फक्त आपल्या पोटात काय जातंय हे कळायला हवं होतं. आठ दिवसांत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तर ही हेमीन साहू. अभनपूरच्या पलीकडच्या खेड्यातली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले ते इथलेच झाले. आमचं ट्रेनिंग एकाच ठिकाणी झालं आणि नंतर समता कॉलनीतल्या एका खाजगी रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात आम्ही एकत्र आलो. मी वॉर्डची इन्चार्ज, ती स्टाफ नर्स.

पण आमचं खरं नातं वेगळं होतं. छत्तीसगढात श्रावणात टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या खोलीत वाढवतात. ती पिवळी कोवळी रोपं म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात शिरवतात, म्हणजे सोडतात, आणि ज्या दोघींना मैत्री पक्की करायची असते त्या एकमेकींच्या कानामागे ती रोपं खोचतात. त्यानंतर त्या जन्मभराच्या भोजली. सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त. आणि मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती "भोजली", भेटल्यावर म्हणायचं ते "सीताराम भोजली".

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी तिने मला सुट्टीत तिच्या गावी नेलं आणि तळ्याच्या काठावर माझ्या कानामागे ती रोपं खोचली. मी वर्ध्याकडच्या घाटोळ्यांची पोट्टी, मला त्यातलं काय कळणार? मला ती गंमत वाटली. तिच्या आईने मात्र मला लुगडं दिलं आणि तिच्या भावांनी माझ्या पाया पडून मला घरचं केलं. पुढे माझ्या लग्नात ती करवली होती, आणि तिचा नवरा वारला तेव्हा मी तेरा दिवस तिच्या घरून ड्यूटीवर जात होते. डब्यात ती बेसनाची ठेठरी आणायची, मी करंज्या. पंचवीस वर्षं मी तिला नावाने हाक मारली नाही.

छत्तीसगढ वेगळं होऊन रायपूर नवीनच राजधानी झालं होतं, ते दिवस. भोपाळहून कार्यालयं आली, साहेब आले, त्यांचे आजार आले. रस्ते उकरलेले, जिकडेतिकडे नव्या इमारती, आणि प्रत्येक चौकात नवा दवाखाना. पेशंट वाढले, खाटा वाढल्या, नर्स मात्र होत्या तेवढ्याच. बावीस खाटांना दुपारच्या पाळीत आम्ही दोघी आणि एक आया.

आता इन्सुलिनबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साखरेच्या पेशंटला जेवणाआधी हे इंजेक्शन देतात. कमी पडलं तर साखर चढते, त्याला वेळ असतो. जास्त पडलं तर साखर धाडकन उतरते आणि त्याला वेळ नसतो. माणूस घामाने भिजतो, बरळतो, बेशुद्ध होतो, आणि लक्षात आलं नाही तर जातोही. म्हणून माझ्या वॉर्डात मीच एक नियम केला होता. इन्सुलिन एकीने भरायचं, दुसरीने सिरिंज आणि कागद दोन्ही बघायचे, मगच सुई टोचायची. आणि डॉक्टरांची एक सवय होती. चार युनिट लिहायचं तर ते चारचा आकडा काढून पुढे इंग्रजी यू काढायचे. घाईत त्या यूचं तोंड मिटलं, की चाराचे चाळीस.

वामनराव भोंगाडे आमच्याकडे भरती होते. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे अकोल्याकडचे. मुलगा मंत्रालयात लागल्यामुळे रायपूरला येऊन राहिले होते. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून मी दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा. "काहून वो सिस्टर, आज उशीर केला? मले वाटलं तुमची बदली झाली का काय." नातू हिंदीत उत्तर देतो ही त्यांची मोठी तक्रार. मी त्यांना म्हणायचे, काका, माझीही पोरगी तेच करते.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सुरू केलं. संध्याकाळचा पहिलाच डोस.

आणि त्याच दिवशी साडेचारला मी हेमीनला म्हटलं, "भोजली, मी जरा गोल बाजारात जाऊन येते." माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भांडीवाल्याने पितळेचा डबा आणि ताटं बाजूला ठेवली होती, आणि संध्याकाळी यजमानांना वेळ होता. तिने हसून हात हलवला. "जाओ जाओ. समधन के सामने नाक नहीं कटनी चाहिए."

मी रजेचा अर्ज दिला नाही. वर कोणाला सांगितलं नाही. दोन तासांचा तर प्रश्न होता.

सव्वासातला मी परतले तेव्हा वामनरावांच्या खाटेभोवती माणसं होती. ते छताकडे बघत काहीतरी असंबद्ध बोलत होते. सून रडत होती. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर मुलाला सांगत होता, "लकवे का अटैक लगता है. उमर भी है." हेमीन वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला एका धाप लागलेल्या नव्या पेशंटला ऑक्सिजन लावत होती. सहा वाजल्यापासून ती त्याच्यापाशीच होती.

मी काकांच्या कपाळाला हात लावला. गार, चिकट घाम, बनियन पिळून काढावं इतकं ओलं. लकव्याचा घाम असा नसतो. बोटातून थेंब काढून साखर पाहिली तर तिसाच्याही खाली. डॉक्टरांना ओरडून सांगितलं आणि शिरेतून ग्लुकोज दिलं. सिरिंज पुरती रिकामीही झाली नव्हती, तोच काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काहून वो," ते म्हणाले, "एवढी गर्दी काहून करून राहिल्या?"

मग मी कागद पाहिला. हेमीनच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: इन्सुलिन, चाळीस युनिट. खाली तिची सही. वरचा डॉक्टरांचा आदेश पाहिला. चारपुढचा यू गोल मिटलेला. चाळीस घेणारे पेशंटही वॉर्डात होते, त्यामुळे तिला वावगं वाटलं नसावं. शेजारी बघायला दुसरी कोणी असती तर तिने विचारलं असतं, पहिल्याच दिवशी चाळीस कसे?

हेमीन आली. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. तिचे ओठ पांढरे पडले. "मैंने दिया," ती म्हणाली. "भोजली, चालीस मैंने दिया." एवढंच. तू कुठे होतीस, असं ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. रुग्णालय त्यांचंच. बाजूला मॅनेजर. घरच्यांना मेंदूचा हलका झटका असं सांगितलंय, तेच राहू दे, असं ठरलं होतं. झटक्याची औषधंही लिहून झाली होती. "सिस्टर, चार्ट का वो पन्ना नया बना दीजिए. चार यूनिट. साहू को हम समझा देंगे."

मी उभीच होते. समोर भिंतीवर रुग्णालयाच्या उद्घाटनाचा फोटो होता. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस आता आयुष्यभर झटक्याच्या गोळ्या खाईल आणि आपला मेंदू गेला असं समजून जगेल. मी म्हटलं, "सर, मी पान बदलणार नाही."

"तो फिर रिपोर्ट लिखिए," ते शांतपणे म्हणाले. "किसने दिया, साफ-साफ लिखिए."

मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिलं. आदेशाचं अक्षर अस्पष्ट होतं. स्टाफ नर्स हेमीन साहू यांनी चारऐवजी चाळीस युनिट दिले. उपचार तत्काळ झाला, रुग्ण शुद्धीवर आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव माझ्या हातून उमटलं. तिथे पेन थांबलं होतं, ते मला आठवतं. अजून एक वाक्य लिहायचं होतं: त्या वेळी इन्चार्ज विनापरवानगी बाहेर गेली होती, त्यामुळे दोघींनी तपासण्याचा नियम पाळता आला नाही. मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मी कागद सरकवून दिला.

आणि तिथून निघाले ती थेट वामनरावांकडे गेले. मला कोणी अडवायच्या आत सांगून टाकायचं होतं. त्यांच्या मुलाला आणि सुनेला समोर उभं करून सांगितलं. झटका नव्हता. इन्सुलिन दहापट गेलं होतं. चूक आमची आहे.

मुलगा फार ओरडला. त्याचा हक्कच होता तो. मंत्रालयाचं नाव घेतलं, पोलिसांचं घेतलं. काका पडल्यापडल्या ऐकत होते. मग म्हणाले, "अरे बाबू, थांब ना जरा. रातभर मी काय इचार करून राहिलो, तुले माहीत आहे? म्हटलं, आपलं डोकं गेलं. आता ही सूनबाई आपल्याले हाताने भरवणार." ते माझ्याकडे वळले. "सांगितलं ते बरं केलं, बाई. सुई चुकली तं सुई चुकली. डोकं तं माझं शाबूत आहे ना?"

झटक्याची औषधं बंद झाली. चौथ्या दिवशी काका चालत घरी गेले. मुलाने तक्रार केली नाही.

हेमीन त्या दिवशी दोन वाजता पाळीवर आली तेव्हा तिच्या हातात नोकरी संपल्याचा कागद दिला गेला. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती वर आली, औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेची सोडून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "भोजली, ऐक तरी."

"जी, सिस्टर?" ती म्हणाली.

सिस्टर. त्या शब्दावर आमच्यातलं सगळं संपलं. ती जिना उतरून गेली. आठवड्याने मी तिच्या खोलीवर गेले तर कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, गांव चली गई.

माझं मात्र नाव झालं. ही सिस्टर मालकाच्या तोंडावर खरं बोलते, असं समता कॉलनीभर पसरलं. पेशंट माझं नाव घेऊन यायचे, त्यामुळे मला काढायची सोय राहिली नाही. त्यानंतर माझ्या वॉर्डात मी डॉक्टरांना "युनिट" पूर्ण शब्दात लिहायला लावलं. यू दिसला की कागद परत. मोठ्या डॉक्टरांचा कागदसुद्धा तीनदा परत पाठवला. रायपुरातल्या अर्ध्या डॉक्टरांचं अक्षर मी सुधारलं, असं मी अजूनही सांगते, आणि त्यात फार खोटं नाही. नव्या पोरींना शिकवताना मी हा प्रसंग सांगायची. पान बदललं नाही, इथवर सांगायची. गोल बाजार गाळायची.

आणि ती आठवत राहायची. दुपारची पाळी लागली की जास्त. साडेतीनला ती दोन घोट चहा पिऊन कप माझ्याकडे सरकवायची, आता नव्या नर्सचा कप वेगळा असायचा आणि दोन्ही कप गार व्हायचे. पेशंटच्या अंगाखालची चादर बदलताना समोरच्या बाजूने कोणीतरी दुसरं टोक धरतं. पण तिच्याबरोबर एक-दोन-तीन म्हणावं लागायचं नाही, आमचे हात एकदमच उठायचे. तसे हात मला पुन्हा मिळाले नाहीत. मुलीच्या लग्नात रुखवतात ती पितळेची ताटं मांडली होती. बायका वाखाणत होत्या. मी तिथे थांबू शकले नाही.

तिला भेटायला मी निघाले नाही असं नाही. जायचं ठरवून बसस्टँडवर गेले आणि परत आले, असं दोनदा झालं. जाऊन काय सांगणार होते? जी ओळ लिहायची ती मालकाच्या टेबलावर लिहायची होती. चार महिन्यांनी मी ती लिहिलीही, वेगळा अर्ज करून दिली. मॅनेजरने वाचली, म्हणाला, "अब इसका क्या करें, मैडम?" आणि फाइलमध्ये लावली. तोवर हेमीनच्या जागी दुसरी मुलगी आली होती.

रिटायर झाल्यावर, गेल्या पौषात, शेवटी गेले. ते रुग्णालय आता नाही, तिथे सोफ्यांचं दुकान आहे. अभनपूरपर्यंत बस, पुढे ऑटो. गावात साहूपारा, म्हणजे साहूंची वस्ती, विचारला तर पोरांनी थेट दारात नेऊन सोडलं. "नर्स दाई के घर?" म्हणाली.

हेमीन ओसरीवर एका बाळंतिणीचा पाय दाबून बघत होती. केस पांढरे, चष्मा आलेला. मला पाहून उठली. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या बाईला तिने आधी नीट समजावून सांगितलं, सूज का आहे, काय खायचं, कधी अभनपूरला जायचं. ती गेल्यावर मला पाट दिला, पितळेच्या लोट्यात पाणी दिलं. मी पाय धुतले. पाहुणा आला की इथे आधी पाणी देतात, त्यात वेगळं काही नव्हतं.

मी सगळं बोलून टाकलं. बाजार, रजा, न लिहिलेलं वाक्य, मग लिहिलेलं वाक्य. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"मोला पता रिहिस," ती म्हणाली. मला माहीत होतं. "मैनेजर ने उसी दिन पन्ना दिखाया था. मैंने सोचा, डर गई है. कल लिख देगी."

"तू का नाही सांगितलंस? मी वॉर्डात नव्हते, हे?"

"तुम्हारी बात तुम बताती. मैं क्यों बताती?" तिने सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पर मेरी बात? मैं दो बजे आ रही थी. घर से सोच के निकली थी, काका के पास बैठूँगी, हाथ पकड़ के बोलूँगी, काका, मुझसे हुआ. तुमने दस बजे ही बता दिया. मोर गलती रिहिस, त बताए के हक घलो मोर रिहिस."

चूक माझी होती, तर सांगायचा हक्कही माझाच होता.

मी इतकी वर्षं स्वतःला न लिहिलेल्या ओळीबद्दल दोष देत होते. खरं सांगितलं त्याचा अभिमान वेगळा काढून ठेवला होता. त्यालाच तिने हात घातला. मला चार तास थांबता आलं असतं. चार्टचं ते पान कोणी फाडेल अशी भीती होती, हे खरं आहे. पण पान मी पदराखाली घेऊन बसू शकले असते. मला वाटतं, मी थांबले नाही कारण ती आली असती तर ती काकांना सगळं सांगेल, आणि त्या सगळ्यात मीही येईन, असं मला वाटत होतं. आणि ती तर माझ्याबद्दल अक्षरही बोलणार नव्हती. मी तिला तेवढंही ओळखलं नव्हतं.

"काका कैसे हैं?" तिने मग विचारलं.

"गेले. पण पुढे नऊ वर्षं जगले. नातवाला मराठी वाचायला शिकवलं त्यांनी."

"हव," ती तिच्या बोलीत हो म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं. डोळ्यांतलं पाणी तिने चष्मा न काढता पुसलं. मला तिच्याजवळ सरकावंसं वाटत होतं. मी सरकले नाही.

जेवायला तिने वाढलं, भात आणि लाल भाजी. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, खाली बसू नका म्हणाली. निघताना ऑटोपर्यंत आली. पुन्हा या, असं ती म्हणाली नाही. येऊ का, असं मीही विचारलं नाही. दोघींनीही एकमेकींना कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

अभनपूरला बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बसली, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. माझ्या साडीकडे, पिशवीकडे बघून तिने विचारलं, "कहाँ गे रेहेस, दाई? सगा घर?" नातेवाइकांकडे गेली होतीस का, म्हणून.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बस सुटत होती.

"हव," म्हटलं. "सगा घर."